गोमंतकाचा एक ताफा

आकाशवाणीवर जुनें चित्रपटगीत लागावयाचें असलें म्हणजे निवेदक आधीं तीन नांवें सांगतो : गाणाराचें, कवीचें आणि संगीत-दिग्दर्शकाचें. हा क्रम आतां आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत कोणाचें नांव राहून जात असेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. परंतु गाण्याचा मुखडा संपून अंतरा सुरू होण्यापूर्वीं जे दहापंधरा क्षण नुसतीं वाद्येंच बोलत असतात, ते कोणीं रचिले? व्हायोलिनांनीं कोठें उठावें, ट्रंपेटनें कोठें उत्तर द्यावें, हें कोणीं ठरविलें? वरील तिघांपैकीं कोणाचें तें काम असेलच असें नाहीं. पुष्कळदां तें एका चौथ्याच गृहस्थाचें असे, आणि १९४० नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईंत हा चौथा गृहस्थ बहुतकरून गोमंतकीय असे.

अशा एका गृहस्थाची व त्याच्या ताफ्याची हकीकत या महिन्यांत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. ताफा नाचाच्या संगीताचा, आणि नाच तोहि विलायती. तेव्हां आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें मी जाणतों. मी स्वतः मुलांस ‘रघुवंश’ आणि शब्दरूपें शिकविण्यांत जन्म घालविलेला मनुष्य. हॉटेलांतील नाचाशीं माझा संबंध काय? पण ‘अलबेला’ चित्रपटांतील अंगाईगीत आपल्या किती घरांत तान्ह्या बाळांच्या कानांवरून गेलें आहे, याचा विचार वाचकभगिनींनीं करावा. त्याच चित्रपटाच्या वाद्यमेळांत या ताफ्याचा हात आहे. आपण ज्याचें अन्न जेवलों त्याचें घर कोणतें, एवढें तरी विचारावयास हरकत नसावी.

बार्देश प्रांतांतील हळदोणें या गांवीं १९१६ सालीं अंतोनियो शाव्हियेर वाझ यांचा जन्म झाला. गोवा तेव्हां पोर्तुगालच्या अंमलाखालीं होता व पुढें १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिला. म्हणून वाझ हे जन्मानें पोर्तुगीज प्रजाजन. मुलानें मेस्त्री व्हावें, यंत्रें दुरुस्त करावीं आणि ठरलेला पगार घरीं आणावा, अशी त्यांच्या आईची इच्छा होती असें सांगतात. यांत एक गंमत आहे. ‘मेस्त्री’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगिजांकडूनच आले. ‘चावी’ आणि ‘बटाटा’ आले तसेच. त्यांच्या भाषेंत ‘मेस्त्र’ म्हणजे गुरु, आपल्या कलेंत निष्णात असा पुरुष. आपल्याकडे येतां येतां त्याच्या हातीं करवत आणि थापी आली. गोमंतकांत मात्र संगीत शिकविणाऱ्या मास्तरास ‘मेस्त’ म्हणण्याची चाल राहिली. वाझ यांच्या आईची इच्छा, म्हणजे, अर्धी तरी फळास आली.

हे मेस्त कोण? गोव्यांत इगर्जीला जोडलेल्या शाळा असत. त्यांचा पाया सोळाव्या शतकांतला. उपासनेच्या वेळीं गाणारीं आणि व्हायोलिन वाजविणारीं मुलें हवींत, एवढाच मूळ हेतु. पण त्यासाठीं जें शिक्षण दिलें जाई तें पक्कें असे. मुलाच्या हातीं वाद्य देण्याच्या आधीं त्याला कागदावरचे स्वर वाचावयास शिकवीत. पांच रेघा, त्यांवरचे ठिपके, ठिपक्यांच्या शेपट्या; कोणता स्वर आणि तो किती मात्रांचा, हें पाहतांच तोंडानें म्हणतां आलें पाहिजे. चुकलें कीं छडी. आपल्याकडे पाठशाळेंत जशी संथा घेत, तसेंच हें. भेद इतकाच कीं आपली संथा कानानें घ्यावयाची आणि त्यांची डोळ्यांनीं. एखाद्या खेड्यांतला दहा-बारा वर्षांचा मुलगा, ज्यानें मुंबईहि पाहिलेली नाहीं, तो जर्मनीच्या किंवा इटलीच्या रचनाकारानें दीडशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली ओळ पाहतां पाहतां वाजवून दाखवी. ही विद्या त्याला पुढें देशोदेशीं पोटास लावणार होती.

‘लिहून ठेवलेलें गाणें’ ही कल्पना आपल्यास परकी आहे असें कोणी समजूं नये, निदान आमच्या छत्रपति संभाजीनगरच्या माणसानें तर मुळींच समजूं नये. येथून सुमारें १५ किलोमीटरांवर दौलताबादचा किल्ला आहे. तीच पूर्वींची देवगिरि. यादव राजा सिंघण याच्या दरबारीं तेराव्या शतकांत शार्ङ्गदेव नांवाचा अधिकारी होता. त्याचे आजे काश्मीरांतून दक्षिणेंत आलेले. दिवसा सरकारी दप्तर सांभाळावयाचें आणि उरल्या वेळांत ग्रंथ लिहावयाचा, असें या सत्पुरुषाचें आयुष्य गेलें असावें. त्या ग्रंथाचें नांव ‘संगीतरत्नाकर’. त्यांत स्वरांचीं आद्याक्षरें मांडून गीतें लिहून दाखविलेलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा जो समुदाय, त्याला ‘वृंद’ अशी संज्ञा देऊन शार्ङ्गदेवानें त्याचें मापहि सांगितलें आहे : चार मुख्य गायक, आठ त्यांना साथ देणारे, बारा गायिका, चार बांसरीवाले आणि चार मृदंगवाले मिळून उत्तम वृंद होतो. म्हणजे एकंदर बत्तीस जण. त्याहून अधिक जमले तर त्यास तो ‘कोलाहल’ म्हणतो! मुंबईच्या चित्रपटांत पुढें साठ-साठ, शंभर-शंभर वादक एका गाण्यास बसूं लागले, तें पाहून शार्ङ्गदेवानें कानांवर हात ठेवले असते कीं काय, हें सांगवत नाहीं.

मात्र त्याच्या वृंदांत आणि गोमंतकीय ताफ्यांत एक मोठा भेद आहे व तो ध्यानांत घेतल्यावांचून पुढची हकीकत समजावयाची नाहीं. आपल्या वृंदांत सगळे मिळून एकच सुरावट गातात-वाजवितात. पाश्चात्त्य पद्धतींत एकाच क्षणीं एक वाद्य षड्ज धरतें, दुसरें गांधार, तिसरें पंचम. आणि हे निरनिराळे स्वर एकमेकांस धरून चालतात. गाणारा एक सुरावट गात असतां वीस वादकांनीं वीस वेगळाल्या वाटांनीं चालावें आणि तरी कोणी कोणास अडवूं नये, हें पाठांतरानें साधत नाहीं. त्याला कागद लागतो, आणि कागद लिहिणारा लागतो.

वाझ तरुणपणीं मुंबईंत आले. धोबीतलाव व आसपासच्या भागांत गोमंतकांतील गांवोगांवच्या लोकांनीं चालविलेलीं ‘कूडें’ असत. एकेका गांवाचें एकेक कूड. नोकरीच्या शोधांत आलेला खलाशी, स्वैंपाकी किंवा वादक तेथें पेटी ठेवी, चटई पसरी आणि दिवस काढी. त्या सुमारास मुंबईंत एक नवें वारें वाहूं लागलें होतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलांत आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आला. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तर या देशांतच राहिला व १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारला. हे लोक ज्या संगीतास ‘जॅझ’ म्हणत, त्यांत लिहिलेलें वाजवितां वाजवितां मध्येंच कागद सोडून द्यावा आणि त्या क्षणीं सुचेल तें वाजवावें अशी रीत होती. आपल्या ख्यालगायकास ही रीत सांगावी लागत नाहीं; पण मेस्तांच्या छडीखालीं वाढलेल्या गोमंतकीय मुलास ती नवीन होती. कागद वाचणें त्याला येतच होतें. कागदावरून नजर उचलावयास तो या परदेशी मंडळींपासून शिकला.

वाझ यांचें वाद्य ट्रंपेट, म्हणजे चाप असलेली विलायती तुतारी. लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन वादकाच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनीं आपला हात आणि घसा त्याच्यासारखा केला. हातरुमाल धरण्याची ढबसुद्धां तीच! लोक त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणूं लागले. त्यांनीं धंद्यासाठीं घेतलेलें नांव होतें ‘चिक् चॉकलेट’. तें ऐकून आपणांस हसूं येईल. पण ‘बालगंधर्व’ हेंहि कोणी बारशाला ठेवलेलें नांव नव्हे. त्यांच्या ताफ्याचें नांव ‘म्यूझिक मेकर्स’. १९४० नंतरच्या दशकांत हा ताफा मुंबईंत ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. उन्हाळा आला कीं श्रीमंत मंडळी थंड हवेच्या ठिकाणीं जात आणि त्यांच्या पाठोपाठ नाचाचे ताफेहि जात. वाझ यांचा ताफा असा मसुरीस जाऊन वाजवीत असे. महायुद्धामुळें मुंबई गोऱ्या सैनिकांनीं भरलेली. ते दिवस या ताफ्यांच्या भरभराटीचे होते.

भरभराट टिकली नाहीं. १९४७ सालीं इंग्रज गेला आणि नाचाच्या दिवाणखान्यांतली निम्मी गर्दी त्याच्याबरोबर गेली. पाठोपाठ मुंबई सरकारचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. दारूबंदीविषयीं माझें मत अनुकूल आहे व तें बदलण्याचें मला कारण दिसत नाहीं. परंतु एका कायद्याचा धक्का कोठवर पोंचतो हें पाहण्यासारखें असतें. पेले रिकामे झाले तसे दिवाणखाने रिकामे झाले, आणि स्वरलेखन जाणणारे, कोणत्याहि क्षणीं कोणत्याहि पट्टींत वाजविण्यास सिद्ध असलेले कितीतरी वादक मोकळे झाले. त्यांतले पुष्कळजण दादर आणि ताडदेवच्या बाजूस, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत, वाद्यांच्या पेट्या घेऊन जाऊं लागले. चित्रपटधंद्यास त्यांची गरज होतीच.

येथें आमच्या गोदातीरचा एक मनुष्य या हकीकतींत येतो. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गांव पुणतांबें. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशीं त्यांचें कांहीं शिक्षण झालें होतें; पुढें ते बाजाची पेटी वाजवीत चित्रपटांत शिरले आणि सी. रामचंद्र या नांवानें संगीत-दिग्दर्शक झाले. स्वतः गात तेव्हां ‘चितळकर’ हें नांव लावीत. त्यांचें आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ आपल्यापैकीं अनेकांनीं वाचलें असेल. या पुरुषाच्या ठायीं मराठी भावगीताची गोडी आणि परक्या ठेक्याची हौस या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. त्यांना वाझ भेटले आणि त्यांचे साहाय्यक झाले.

हीं दोन माणसें मिळून काम कसें करीत, हें जाणून घेण्यासारखें आहे, कारण पुढें सगळ्या मुंबईंत हीच रीत पडली. संगीत-दिग्दर्शक पेटी घेऊन बसे आणि चाल गाऊन दाखवी. बहुतेकांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसे. येण्याची गरजहि नव्हती. गोमंतकीय साहाय्यक, ज्याला त्या धंद्यांत ‘अरेंजर’ म्हणत, तो ती चाल ऐकतां ऐकतां पांच रेघांवर उतरवून घेई. मग तो विचार करी : येथें गाणारी बाई श्वास घेणार, ती जागा कशानें भरावी? दुसऱ्या अंतऱ्यापूर्वीं सॅक्सोफोन घालावा कीं क्लॅरिओनेट? व्हायोलिनें खालच्या सप्तकांत ठेवलीं तर शब्द झांकणार नाहींत ना? त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, तेव्हां या सगळ्यास जागा ती किती? पुष्कळदां ही मधली वाद्यरचना दिग्दर्शक गुणगुणून दाखवी. पुष्कळदां ‘येथें तूं कांहीं तरी घाल’ एवढीच आज्ञा होई. रात्रीं बसून अरेंजर प्रत्येक वाद्याचा निराळा कागद तयार करी. सकाळीं तो कागद वादकांपुढें ठेवला कीं त्यांनीं तो पूर्वीं कधींहि पाहिलेला नसतां वाजवावयास सुरुवात करावी. इगर्जीच्या शाळेंतील ती संथा येथें कामास येई. गाणें ध्वनिमुद्रित झालें कीं वादकानें आपला रोज घ्यावा आणि घरीं जावें. तो कागद मग कोणाच्या उपयोगाचा नसे. असले बहुतेक कागद टिकले नाहींत.

ज्या वादकास कागद वाचतां येतो त्याला तें गाणें पाठ असण्याचें कारण नसतें, आणि म्हणून दुपारपर्यंत तो तें विसरूनहि जाई. उलट आपल्या गांवोगांवच्या लग्नाच्या वरातींतील क्लॅरिओनेटवाल्यास एक अक्षर वाचतां येत नाहीं आणि त्याच गाण्यांची मधली सगळी वाद्यरचना त्याच्या जिभेवर असते. रचिलें कोणीं, वाजविलें कोणीं आणि सांभाळलें कोणीं!

या जोडीच्या गाण्यांची यादी देण्याचा हा प्रसंग नव्हे. १९४७ च्या ‘शहनाई’ चित्रपटांतील रविवारच्या भेटीचें विनोदी गाणें त्यांत येतें; सभ्य घरांतून त्यावर तेव्हां पुष्कळ नाकें मुरडलीं गेलीं आणि मुलांनीं तें माडीवर जाऊन म्हटलें. १९५० सालीं ‘समाधि’ हा आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा चित्रपट आला. त्यांत लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनीं गाइलेलें ‘गोरे गोरे’ हें गाणें अजूनहि वाजतें. त्याची चाल आपली नव्हे. ‘डॉल फेस’ या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटांतील कार्मेन मिरांदा हिच्या गाण्यावरून ती घेतली आहे. आणि ही कार्मेन मिरांदा कोण? १९०९ सालीं पोर्तुगालमध्यें जन्मलेली, तान्हेपणींच ब्राझीलला गेलेली, आणि पुढें डोक्यावर फळें रचून अमेरिकेच्या पडद्यावर नाचणारी बाई. म्हणजे पोर्तुगालच्या मुलीनें अमेरिकेंत गाइलेली चाल पुणतांब्याच्या ब्राह्मणानें उचलली, पोर्तुगीज प्रजाजन असलेल्या गोमंतकीयानें तिच्या वाद्यमेळाला हात लावला, आणि एका मराठी व एका कानडी गायिकेनें ती हिंदींत म्हटली!

चाल उचलणें ही चोरी कीं नाहीं, यावर सी. रामचंद्रांच्या हयातींतच पुष्कळ चर्चा झाली. माझें मत विचाराल तर मूळ गाण्याचें नांव कोठेंहि न सांगतां चाल घेणें मला प्रशस्त वाटत नाहीं. पण ‘गोरे गोरे’ हें नुसतें अनुकरण आहे असेंहि नाहीं. मूळ गाणें एकट्या बाईचें आहे. येथें तें दोघींच्या सवाल-जबाबाचें झालें आणि सवाल-जबाब ही आपल्या तमाशाच्या फडांतली जुनी रीत. शब्द बदलतांच ठेका थोडा हलका झाला. घेतलेल्या वस्तूवर घेणाराचा हात इतका फिरला म्हणजे ती निम्मी तरी त्याची होते, असें आपले अलंकारशास्त्रज्ञहि काव्याविषयीं सांगतात. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटांतील निरर्थक अक्षरांचें गाणें पाहा : त्यांतले दोन अस्सल कोंकणी शब्द सी. रामचंद्रांचे दुसरे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनीं सुचविले असें सांगतात, आणि तीं अक्षरें आज सगळा देश अर्थ न विचारतां म्हणतो.

या दोन सालांच्या दरम्यान १९५१ चा ‘अलबेला’. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, मुंबईच्या गिरणगांवांत वाढलेला मराठी माणूस; नायिका गीता बाली. या चित्रपटाच्या संगीतानें सी. रामचंद्रांचें नांव जिकडे तिकडे झालें. वाझ यांनीं स्वतंत्रपणेंहि संगीत-दिग्दर्शन केलें : १९५१ चा ‘नादान’ आणि १९५२ चा ‘रंगीली’. चित्रपट चालले नाहींत आणि त्या नांवास बस्तान बसलें नाहीं. मदनमोहन यांच्याकडेहि त्यांनीं काम केलें. ताफा अधूनमधून वाजवीतच होता. १९६७ सालीं, वयाची ५१ वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, वाझ वारले.

ते एकटे नव्हते. सेबास्तियान डिसूझा यांचा ताफा फाळणीपूर्वीं लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलांत वाजवीत असे. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचे ते जे थवेच्या थवे उठतात, ते वीस वर्षांहून अधिक काळ यांच्या लेखणींतून उठले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट तर कादंबरीस शोभावी अशी आहे. व्हायोलिन शिकवून त्यांनीं प्यारेलाल शर्मा यांच्यासारखे शिष्य तयार केले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांचा विवाह लावावा ही त्यांची उमेद. त्यासाठीं १९५८ सालीं त्यांनीं ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत शंभराहून अधिक वादक बसविले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गाइलीं. खर्चाचा मेळ बसेना. तें फार दिवस चाललें नाहीं, आणि १९६५ सालीं ते अमेरिकेस गेले. पुढें १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला तेव्हां प्यारेलाल यांनीं गुरूची आठवण म्हणून त्यांचें नांव एका गाण्यांत घालविलें. तें गाणें मुलांस तोंडपाठ झालें. मात्र त्या नांवाचा मनुष्य गोव्यांत हयात आहे, आणि पडद्यावरच्या त्या नायकाशीं त्याचें कांहींएक साम्य नाहीं, हें २०१२ सालीं गोन्साल्विस वारले तोंपर्यंत फार थोड्यांस ठाऊक होतें. देशांतील सर्वांत ओळखीचें नांव आणि त्या नांवाचा धनी अनोळखी!

नांव न सांगण्याची ही चाल केवळ वादकांपुरती नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील सुप्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचें नांव ‘कामिनी’ असें छापलें होतें. तें पडद्यावरील पात्राचें नांव. प्रत्यक्ष लताबाईंचें नांवसुद्धां लोकांनीं विचारणा केली तेव्हां कळलें. पुढें गायकांनीं झगडून आपली जागा मिळविली, कवींनीं आणि संगीतकारांनीं मिळविली. २०१२ च्या कायदेदुरुस्तीनें कवि व संगीतकार यांचा स्वामित्वधनावरचा हक्क पक्का झाला. त्या सगळ्या वादांत अरेंजरचा उल्लेख कानीं पडला तो क्वचित्.

यावर एक आक्षेप मला आमच्या शहरांतच कोणी तरी घेईल. तो म्हणेल, वेरूळचें कैलास लेणें कोणीं खोदलें याचें नांव तरी कोठें आहे? अजिंठ्याच्या चितारांचीं नांवें कोणास माहीत आहेत? काम उरलें म्हणजे झालें. हा आक्षेप ऐकावयास उदात्त आहे. पण बडोद्यास सांपडलेला राष्ट्रकूट कर्क राजाचा शके ७३४ चा ताम्रपट पाहावा. त्यांत एलापूरच्या या देवालयाचें वर्णन आहे, आणि प्रशस्तिकार म्हणतो कीं तें पुरें झाल्यावर घडविणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला. हें मीं केलें तरी कसें, पुन्हां मला साधणार नाहीं, असें त्यास वाटलें. राजाचें नांव ताम्रपटांत आहे. शिल्प्याचा विस्मय आहे. शिल्प्याचें नांव तेवढें नाहीं. प्रशस्तिकारास तें ठाऊक नसेल असें मला वाटत नाहीं. लिहावें असें त्याला वाटलें नाहीं. हजार-बाराशें वर्षांपूर्वींची ती गोष्ट आतां सुधारतां येत नाहीं, पण ती मोठेपणाची खूण म्हणून पुढें करणें हें मला पटत नाहीं.

आणि शास्त्रांत तरी या माणसास जागा आहे काय? शार्ङ्गदेव ‘वाग्गेयकार’ सांगतो : जो पद रचतो आणि त्याची चालहि बांधतो तो. त्याच्या उत्तम, मध्यम, अधम अशा प्रती सांगतो. नुसती चाल करणारा, नुसतें पद करणारा, यांचाहि निवाडा त्यानें केला आहे. दुसऱ्याच्या चालीभोंवतीं तीस वाद्यांचें वस्त्र विणणारा मनुष्य त्याच्या काळीं नव्हताच, म्हणून त्यास संज्ञा नाहीं. आपण ‘वाद्ययोजक’ म्हणूं शकतों. हल्लीं ‘संगीत संयोजक’ असाहि शब्द मराठींत रूढ झाला आहे आणि तो मला बरा वाटतो.

१९८० नंतर विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा प्रवेश झाला. एका पेटींतून व्हायोलिन, ट्रंपेट, बांसरी असे सगळे आवाज एक मनुष्य काढूं लागला, आणि शंभर वादकांस एका खोलींत बसविण्याचें कारण उरलें नाहीं. मेस्तांच्या शाळेंतून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाणारी वाट हळू हळू मोडली. तेव्हांपासूनच, जणू उशीरा जाग यावी तसें, या लोकांविषयीं लिहिणें सुरू झालें. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकानें वृद्ध वादकांच्या घरोघरीं जाऊन त्यांच्या तोंडच्या हकीकती मिळविल्या आणि २००८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनीं मुंबईच्या जॅझचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या नांवानें लिहिला. बार्ड्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचूंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटास, ज्यांत ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या गाण्यांतून अशाच एका ताफ्याची गोष्ट सांगितली आहे, २०१४ सालचा उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हीं पुस्तकें इंग्रजींत आहेत, चित्रपट कोंकणींत. मराठींत या विषयावर सविस्तर लिहिणाराची मी वाट पाहत आहें.

तोंवर ज्यांच्या घरीं मुलानातवंडांच्या कृपेनें जुने चित्रपट पाहण्याची सोय आहे त्यांनीं ‘अलबेला’ लावावा. त्यांत ‘दीवाना परवाना’ या गाण्याच्या वेळीं झालरीच्या बाह्यांचे रंगीबेरंगी सदरे घातलेला एक ताफा पडद्यावर दिसतो. हे नट नव्हेत. हा खराच ‘म्यूझिक मेकर्स’ ताफा आहे, आणि त्यांत ट्रंपेट घेऊन जे उभे आहेत ते हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियेर वाझ.